मेरिटच्या पत्रातले आकडे: अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाचे नोव्हेंबर ते ऑगस्ट

महाराष्ट्रात शिकून अमेरिकेत आलेल्या आई-वडिलांच्या मनात ‘मेरिट’ म्हणजे यादी असते. बोर्डाचा निकाल लागतो, कट-ऑफ जाहीर होतो, आपला आकडा वर असला की प्रवेश पक्का. ‘स्कॉलरशिप’ म्हटलं की चौथी-सातवीची परीक्षा आठवते, पेपरातला फोटो आणि घरातले पेढे आठवतात. इथे मूल हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला गेलं की हेच दोन शब्द जोडीने समोर येतात, आणि त्यांचा अर्थ पार वेगळा असतो. इथली मेरिट स्कॉलरशिप हा कॉलेजने आपल्या मुलासाठी ठरवलेला दर असतो. हवंसं वाटणारं मूल दुसरीकडे जाऊ नये म्हणून फीमध्ये दिलेली ती सूट असते. खासगी कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या मुलांना मिळणारी सरासरी सूट छापील ट्यूशनच्या, म्हणजे शिकवण्याच्या फीच्या, निम्म्याहून जास्त आहे. हे एकदा नीट डोक्यात बसलं की पुढचे सगळे कागद वाचता येतात. दोन मुलांचे अर्ज आणि ओळखीतल्या बऱ्याच घरांची पत्रं वाचल्यावर जे हाती लागलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

सगळ्यात आधी, मेरिट कुठे मिळतच नाही ते पाहून ठेवा. आयव्ही लीगची आठही विद्यापीठं, एमआयटी, स्टॅनफर्ड आणि कॅलटेक इथे हुशारीवर पैसे मिळत नाहीत. तिथे घराच्या गरजेवर मदत मिळते आणि ती भरघोस असते, पण दोघांचे पगार चांगले असलेल्या घराला बहुधा तिचा उपयोग होत नाही. काही खासगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च आता ९०,००० डॉलरच्या वर गेला आहे. म्हणजे कागदावर ‘श्रीमंत’ ठरणारं पण चार वर्षांत साडेतीन लाख डॉलर बाजूला काढू न शकणारं घर मधल्या मध्ये सापडतं. आपल्या लोकांत अशीच घरं जास्त. त्यांनी अर्ज करण्याआधीच प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे आपल्या घराला खरा खर्च किती पडेल त्याचा अंदाज देणारं साधन, चालवावा. २०११पासून केंद्राची मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला तो ठेवावा लागतो. करविवरणपत्र शेजारी घेऊन बसलं तर वीस मिनिटांचं काम आहे. काही ठिकाणी तो जीपीए (विषयांच्या श्रेणींची सरासरी) आणि एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुणही विचारतो. विचारत असेल तर त्याने दाखवलेल्या रकमेत मेरिटचा अंदाज असतो. विचारत नसेल तर दिसतो तो फक्त गरजेचा हिशेब.

दुसरी गोष्ट तारखांची. सगळ्यात जास्त मेरिट इथेच बुडतं. नियमित अर्जाची मुदत जानेवारीची असते, म्हणून घर निवांत असतं, आणि मेरिटची मुदत नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच निघून गेलेली असते. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात बहुतेक शाखांसाठी मेरिटचा विचार व्हायचा असेल तर नोव्हेंबरच्या सुरुवातीचा अर्ली ॲक्शन (लवकर करायचा, पण बंधन नसलेला) अर्ज लागतो. बॉस्टन विद्यापीठाच्या मोठ्या मेरिट स्कॉलरशिपची मुदतही डिसेंबरच्या सुरुवातीला असते. व्हँडरबिल्टच्या मोठ्या स्कॉलरशिपना वेगळा अर्ज लागतो. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या मोरहेड-केन स्कॉलरशिपसाठीही वेगळा अर्ज असतो आणि तो शरद ऋतूतच भरावा लागतो. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या जेफरसन स्कॉलरशिपसाठी बहुतेक मुलांचं नाव हायस्कूलने सुचवावं लागतं, म्हणजे शाळेतल्या काउन्सेलरशी सप्टेंबरातच बोललेलं बरं. या मुदती दरवर्षी थोड्या मागे-पुढे होतात, त्यामुळे गेल्या वर्षी महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कुणी सांगितलेल्या तारखेवर विसंबू नये. एका कागदावर प्रत्येक कॉलेजसमोर दोन रकाने करावेत, एक अर्जाच्या मुदतीचा आणि एक मेरिटच्या मुदतीचा.

अर्ली डिसिजनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मेरिटवर भिस्त असलेल्या घराने त्या वाटेला जाऊ नये. तो करार असतो. मूल, पालक आणि काउन्सेलर तिघं सही करतात, आणि प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात. परवडत नाही म्हणून सुटका मागता येते, पण दोन पत्रं शेजारी ठेवून तुलना करण्याची संधी गेलेली असते. ज्या कॉलेजला मूल येणारच हे ठाऊक आहे, त्याने सूट का द्यावी? अर्ली ॲक्शनमध्ये हे बंधन नाही. निकाल लवकर कळतो आणि उत्तर १ मेपर्यंत देता येतं.

अर्ज गेल्यावर काही दिवसांत प्रत्येक कॉलेजकडून पोर्टलच्या लॉगिनचा ईमेल येतो. मग खरी वाट पाहणं सुरू होतं, आणि पहिली चूकही इथेच होते. पोर्टलवर एक यादी असते: ट्रान्सक्रिप्ट (हायस्कूलच्या गुणांची नोंद), शाळेचा अहवाल, शिफारसपत्रं, परीक्षेचे गुण, गरजेची मदत मागितली असेल तर सीएसएस प्रोफाइल हा घरच्या आर्थिक माहितीचा फॉर्म. प्रत्येकासमोर ‘मिळालं’ अशी खूण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर घाबरू नये. तीन आठवड्यांनंतरही खूण नसेल तर मात्र कारण शोधावं, आणि आपल्या घरांत ते कारण बहुतेक वेळा नावात सापडतं. मधलं नाव वडिलांचं असण्याची आपली पद्धत. शाळेच्या नोंदीत ते पूर्ण असतं, एसएटीच्या नोंदणीत नुसतं आद्याक्षर, कॉमन ॲपमध्ये (अनेक कॉलेजांसाठीच्या एकाच ऑनलाइन अर्जात) मुलाने ते गाळलेलं, आणि पासपोर्टवर पहिल्या नावालाच जोडलेलं. कॉलेजचं संगणकीय जुळणीचं काम नाव आणि जन्मतारीख या दोन गोष्टींवर चालतं. ती जुळली नाहीत की गुणपत्रिका भलत्याच फाइलीत जाऊन बसते. जन्मतारखेचंही तसंच. अर्ज पालकांनी भरला असेल तर हात सवयीने आधी दिवस लिहितो, आणि ७ मार्चचा ३ जुलै होतो. प्रवेश कार्यालयाला अर्ज क्रमांकासह एक छोटा ईमेल पाठवला की हे दुरुस्त होतं, फक्त तो मुलाच्या ईमेलवरून जायला हवा. पालकांच्या पत्रावर कार्यालय मुलाची माहिती द्यायला कचरतं.

डिसेंबरच्या मध्यापासून निकाल यायला लागतात. अर्ली डिसिजनचे आधी, मग अर्ली ॲक्शनचे, तेही एका दिवशी नाही. जॉर्जिया टेक आपल्या राज्यातल्या मुलांना डिसेंबरमध्ये कळवतं, बाहेरच्यांना जानेवारीत. पर्ड्यूचे अर्ली ॲक्शनचे निकाल जानेवारीत लागतात. एमआयटीचा नियमित निकाल मागची बरीच वर्षं मार्चच्या मध्याला, ‘पाय डे’च्या (१४ मार्चच्या) आसपास लागतो आहे. आयव्हीची आठही विद्यापीठं मार्चच्या शेवटी एकाच संध्याकाळी निकाल उघडतात, बहुधा पूर्व किनाऱ्याच्या ७ वाजता. तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेचार वाजलेले असतात आणि आजी-आजोबा फोन उशाशी घेऊन जागे असतात. माझी कळकळीची विनंती आहे, तारीख कुणाला सांगू नका. मुलाला एकट्याने पोर्टल उघडू द्या, दार बंद करून. आठपैकी आठ नकार एकाच तासात येऊ शकतात, आणि त्या तासात लगेच मामा, काका, शेजारी सगळ्यांना उत्तर द्यावं लागणं हे सतरा वर्षांच्या मुलावर फार मोठं ओझं आहे. आजी-आजोबांना दुसऱ्या दिवशी, मुलाच्या तोंडून कळू द्या.

‘डेफर’ म्हणजे नकार नव्हे. अर्ली अर्ज नियमित गठ्ठ्यात ढकलला गेला, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी अजून इच्छा असल्याचं एक पत्र पाठवायचं असतं. ते एका पानापेक्षा मोठं नसावं. त्यात अर्जानंतर घडलेल्या दोन-तीन ठोस गोष्टी हव्यात: पहिल्या सत्राचे गुण, पूर्ण झालेला प्रकल्प, नवी जबाबदारी. आणि हे कॉलेज पहिल्या पसंतीचं असेल तरच तसं लिहावं. काही कॉलेजं यासाठी पोर्टलवर ठरावीक फॉर्म देतात आणि बाकी काही पाठवू नका असं बजावतात, ते शब्दशः पाळावं. मंडळातल्या डॉक्टरकाकांचं जादा शिफारसपत्र इथे उलट नुकसान करतं. काउन्सेलरकडून मिड-इयर रिपोर्ट (पहिल्या सत्राच्या गुणांचा अहवाल) गेला का हे मात्र फेब्रुवारीत नक्की विचारावं.

आता पत्र.

मेरिटची रक्कम कळण्याच्या तीन तऱ्हा आहेत. काही सार्वजनिक विद्यापीठं तक्ताच छापतात. अलाबामा विद्यापीठ त्यासाठी प्रसिद्ध आहे. जीपीए आणि एसएटी किंवा एसीटी या तशाच दुसऱ्या परीक्षेचे गुण तक्त्यात बघायचे, रक्कम समोर. काही ठिकाणी प्रवेशाच्या पत्रातच रक्कम असते. तिसऱ्या तऱ्हेत प्रवेश आधी कळतो, मेरिट काही आठवड्यांनी, किंवा मुलाखतीच्या फेरीनंतर. म्हणून प्रवेशपत्रात मेरिट नाही म्हणजे मिळालंच नाही, असं लगेच धरू नये. कधी कळवणार ते कॉलेजच्या संकेतस्थळावर लिहिलेलं असतं.

पत्राचा नमुना जवळून बघू. आकडे माझे आहेत, मांडणी मात्र अगदी नेहमीची. सर्वांत वर ठळक अक्षरांत: अभिनंदन, तुम्हाला प्रेसिडेन्शियल स्कॉलरशिप मिळाली आहे, एकूण ८८,००० डॉलर. खाली बारीक अक्षरांत: दरवर्षी २२,०००, चार वर्षं. त्याखाली एक तक्ता: प्रेसिडेन्शियल स्कॉलरशिप २२,०००, फेडरल अनसबसिडाइज्ड लोन ५,५००, वर्क-स्टडी २,५००. एकूण मदत ३०,०००. दुसऱ्या पानावर खर्च: ट्यूशन ६२,०००, इतर फी १,८००, राहणं-जेवण १७,६००, पुस्तकं १,१००, प्रवास आणि वैयक्तिक खर्च ३,५००. एकूण ८६,०००. शेवटची ओळ: तुमचा उरलेला खर्च ५६,०००.

ही शेवटची ओळ खोडा. ५,५०० हे कर्ज आहे, ते व्याजासह परत करायचं आहे, आणि अनसबसिडाइज्ड म्हणजे त्याच्यावरचं व्याज मूल शिकत असतानाच चढायला लागतं. वर्क-स्टडी म्हणजे काम करण्याची परवानगी. मुलाने लायब्ररीत किंवा कॅफेटेरियात तास भरले की पगार त्याच्या खात्यात येतो, बिलातून एक डॉलरही वजा होत नाही. म्हणून खरा हिशेब ८६,००० वजा २२,०००, म्हणजे ६४,०००. पत्रातल्या आकड्यापेक्षा ८,००० जास्त, आणि तेही दरवर्षी. काही पत्रं खर्चात फक्त ट्यूशन आणि फी दाखवतात, राहणं-जेवण दाखवतच नाहीत. दोन कॉलेजांची तुलना करताना म्हणून पत्रांवरचे शेवटचे आकडे घेऊ नयेत. वहीत स्वतः एकच साचा आखावा: पूर्ण खर्च, त्यातून फक्त परत न करायचे पैसे वजा, बाकी. स्कॉलरशिपच्या नावाकडेही बघू नये. प्रेसिडेन्शियल, प्रोव्होस्ट, डीन्स, ट्रस्टी ही नावं प्रत्येक कॉलेज आपापल्या मर्जीने ठेवतं. एकीकडची डीन्स दुसरीकडच्या प्रेसिडेन्शियलहून दुप्पट असू शकते.

रक्कम डॉलरमध्ये ठरलेली आहे की ट्यूशनच्या टक्क्यांत, ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. वरच्याच उदाहरणात ट्यूशन दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढली असं धरू. ६२,०००चे दुसऱ्या वर्षी ६४,४८०, तिसऱ्या वर्षी ६७,०५९, चौथ्या वर्षी ६९,७४२. स्कॉलरशिप २२,०००वरच थांबलेली. म्हणजे सूट वजा जाता ट्यूशन अनुक्रमे ४०,०००, ४२,४८०, ४५,०५९ आणि ४७,७४२. चार वर्षांचे १,७५,२८१. चाळीस हजार गुणिले चार असा हिशेब करून बसलेल्या घराला १५,००० डॉलरहून जास्त कमी पडतात, तेही नेमके तिसऱ्या-चौथ्या वर्षी, जेव्हा धाकटं भावंड कॉलेजच्या दारात उभं असतं. ‘अर्धी ट्यूशन’ किंवा ‘पूर्ण ट्यूशन’ अशा शब्दांत दिलेली स्कॉलरशिप फीबरोबर वाढते. दोन पत्रांतल्या पहिल्या वर्षाच्या रकमा जवळजवळ सारख्या असतील तर मी टक्क्यांतली घेईन.

यानंतर नूतनीकरणाची अट. ‘दरवर्षी पुढे चालू’ हे शब्द वाचून समाधान मानू नये, त्यापुढचं वाक्य वाचावं. बहुतेक ठिकाणी ३.०चा जीपीए टिकवावा लागतो, काही ठिकाणी ३.२ किंवा ३.५. हायस्कूलमध्ये ४.४चा वेटेड (अवघड विषयांना जादा वजन देऊन काढलेला) जीपीए असलेल्या मुलाला ३.० म्हणजे किस झाड की पत्ती वाटतं. इंजिनीअरिंगच्या पहिल्या सत्राचं एक गुणपत्रक मांडते. कॅल्क्युलस ४ क्रेडिट (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन), सी म्हणजे २.०. केमिस्ट्री ४ क्रेडिट, बी मायनस म्हणजे २.७. प्रोग्रॅमिंग ३ क्रेडिट, बी म्हणजे ३.०. लेखनाचा वर्ग ३ क्रेडिट, ए मायनस म्हणजे ३.७. एक क्रेडिटचा सेमिनार, ए म्हणजे ४.०. क्रेडिटने गुणून बेरीज ४२.९, भागिले १५, उत्तर २.८६. मूल कुठेही नापास झालेलं नाही, खूप कष्ट केलेत, आणि २२,००० धोक्यात आहेत. वर्षाअखेर ३.० हवा असेल तर दुसऱ्या सत्रात १५ क्रेडिटना ३.१४ काढावा लागेल. जमण्यासारखं आहे, पण आकडा जानेवारीतच कळला तर. म्हणून कॉलेजला चार प्रश्न लेखी विचारावेत: जीपीए सत्रागणिक बघता की वर्षाअखेर? खाली गेला तर सावरायला एक सत्र मिळतं का? एकदा गेलेली स्कॉलरशिप परत मिळते का? आणि वर्षाला किती क्रेडिट पूर्ण व्हायला हवेत?

शेवटच्या प्रश्नाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. अवघड विषय मध्येच सोडला तर जीपीए वाचतो, पण १५ क्रेडिटचे ११ होतात. पूर्णवेळ विद्यार्थ्याला साधारण १२ लागतात, आणि त्याखाली गेल्यावर स्कॉलरशिप थांबू शकते. काही ठिकाणी वर्षाला ३० क्रेडिटची अट असते. हायस्कूलमध्ये दिलेल्या एपी या कॉलेज पातळीच्या परीक्षांचे क्रेडिट मिळाले तरी ते जीपीएत सहसा धरत नाहीत, त्यामुळे तिथले पाच-पाच गुण इथे मदतीला येत नाहीत. स्कॉलरशिप बहुधा आठ सत्रांची असते. कुणी सातव्या सत्रात पदवी घेतली तर आठव्याचे पैसे हातात मिळत नाहीत. शाखा बदलण्याचंही आधी विचारून ठेवावं, कारण इंजिनीअरिंग कॉलेजने दिलेली रक्कम मूल अर्थशास्त्राकडे वळलं की काही ठिकाणी मागेच राहते. को-ऑपच्या (कंपनीत पगारी काम करण्याच्या) सत्रात आणि परदेशातल्या सत्रात ती लागू होते का, हाही तसाच प्रश्न.

बाहेरून मिळालेल्या स्कॉलरशिपचं एक दुखणं आहे. कंपनी, फाउंडेशन किंवा स्थानिक क्लबने दिलेले ३,००० डॉलर कॉलेजला कळवावे लागतात, आणि काही कॉलेजं तेवढीच रक्कम आपल्या मदतीतून कापतात. मुलाने रात्री जागून लिहिलेल्या निबंधांचा फायदा कॉलेजला. हा प्रकार मला अन्यायाचा वाटतो. मेरीलँडने २०१७मध्ये आपल्या सार्वजनिक संस्थांपुरता याला कायद्याने आळा घातला. जिथे असा कायदा नाही तिथे एकच उपाय आहे, तो म्हणजे आधी विचारणं: बाहेरचे पैसे आल्यावर पहिलं काय कमी करता, कर्ज की ग्रँट (परत न करायची मदत)? कर्ज आणि वर्क-स्टडी आधी कमी करणारं कॉलेज बरं.

नॅशनल मेरिट या देशभरच्या स्कॉलरशिप स्पर्धेबद्दल आपल्या घरांत फार गैरसमज आहेत. अकरावीच्या ऑक्टोबरमधली पीएसएटी (एसएटीची पूर्वपरीक्षा) ही त्याची परीक्षा. सुमारे १६,००० मुलं सेमीफायनलिस्ट होतात, त्यांतली सुमारे १५,००० पुढे फायनलिस्ट. सेमीफायनलिस्टचा कट-ऑफ राज्यागणिक वेगळा असतो आणि न्यू जर्सीचा दरवर्षी सर्वांत वरच्या काहींत असतो. एडिसनमधल्या मुलाला जे गुण अपुरे पडतात, त्याच गुणांवर दुसऱ्या राज्यातलं मूल आत जातं. या संस्थेची स्वतःची रक्कम एकदाच मिळणारे २,५०० डॉलर, तीही सगळ्या फायनलिस्टना नाही. खरी किंमत आहे ती काही विद्यापीठं फायनलिस्टना देतात त्या पॅकेजची. डॅलसचं टेक्सास विद्यापीठ, अलाबामा आणि ओक्लाहोमा ही त्यांतली ठळक नावं. पण त्यासाठी संस्थेच्या फॉर्मवर त्या विद्यापीठाला पहिली पसंती म्हणून वेळेत नोंदवावं लागतं. मुलाने प्रतिष्ठेखातर दुसरंच नाव लिहून ठेवलं आणि बदलायची मुदत टळली, तर पॅकेज हातचं जातं.

राज्याचा पैसाही बघावा. जॉर्जियाची होप स्कॉलरशिप १९९३पासून लॉटरीच्या उत्पन्नावर चालते आणि हायस्कूलच्या ३.० जीपीएला मिळते. वरच्या पायरीवर झेल मिलर आहे, तिला ३.७ आणि परीक्षेचे गुण लागतात. फ्लोरिडात ब्राइट फ्युचर्स आहे, त्याच्या वरच्या श्रेणीला १०० तासांची समाजसेवा किंवा नोकरीचे तास लागतात. अटलांटा किंवा टँपातल्या घराने बाहेरच्या राज्यातलं ‘२०,००० मेरिट’ बघून हुरळण्याआधी घरच्या राज्यातला हिशेब मांडावा.

एच-४वर, म्हणजे आई किंवा वडिलांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या कुटुंबाच्या व्हिसावर, असलेल्या मुलांसाठी वेगळं लिहायलाच हवं, कारण त्यांच्या पालकांना ही माहिती फार उशिरा मिळते. या मुलांना केंद्राची मदत मिळत नाही: फेडरल कर्ज नाही, ग्रँट नाही, वर्क-स्टडी नाही. कॅम्पसवरची पगारी नोकरीही करता येत नाही. नॅशनल मेरिटला पूर्वी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्डाची अट असायची, आता अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या मुलांना ती लागू नाही. कॉलेजचं स्वतःचं मेरिटही मिळू शकतं. फक्त काही कॉलेजं या मुलांना स्थानिक धरतात, काही आंतरराष्ट्रीय, आणि दोन्हींचे निधी वेगळे असतात. इन-स्टेट फीचे (राज्यातल्या रहिवाशांसाठीच्या कमी फीचे) नियमही राज्यागणिक बदलतात. सगळ्यांत मोठी अडचण २१व्या वाढदिवसाची. ग्रीन कार्डच्या रांगेत तोवर नंबर लागला नाही तर मूल एच-४मधून बाहेर पडतं आणि त्याला एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. तो दिवस बहुधा कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात येतो. एफ-१ झाल्यावर इन-स्टेट फी राहणार का, मेरिट राहणार का, हे दोन प्रश्न १ मेच्या आधी लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवर कुणी ‘काही अडचण येणार नाही’ म्हणालं, तर त्याला चौथ्या वर्षी काही किंमत नसते. थेट महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्या मुलांना मेरिटचा एक जादा उपयोग होतो. आय-२० या विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेजने द्यायच्या कागदासाठी पहिल्या वर्षाच्या खर्चाचे पैसे दाखवावे लागतात, त्यातून ही रक्कम वजा होते.

एप्रिल हा विनंतीचा महिना. मेरिट वाढवून मागता येतं, त्यात लाज बाळगण्यासारखं काही नाही. पण भाजीवाल्याशी घासाघीस करावी तसा सूर चालत नाही. मेरिटसाठी प्रवेश कार्यालयाला लिहावं, उत्पन्न घटलं असेल तर आर्थिक मदत कार्यालयाला. पत्र मुलाने लिहावं, दहा-बारा ओळींत. हे कॉलेज का हवं आहे, त्याच तोडीच्या दुसऱ्या कॉलेजने काय देऊ केलं आहे, आणि दोहोंतला नेमका फरक किती. दुसऱ्या कॉलेजचं पत्र पीडीएफ करून जोडावं. तोडीचं म्हणजे खरोखर तोडीचं. ज्या कॉलेजशी त्यांची स्पर्धाच नाही, त्याची पूर्ण सूट दाखवून काही होत नाही. तक्ता छापणारी विद्यापीठं विनंतीने हलत नाहीत, पण त्यांतली काही ठरलेल्या तारखेपर्यंत एसएटीचे नवे गुण घेतात आणि मूल तक्त्यात एक पायरी वर सरकतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लिहिलं तर उत्तर यायला वेळ उरतो. २८ तारखेला लिहून उपयोग नाही.

वेटलिस्टवर (प्रतीक्षायादीत) थांबायचं असेल तर पोर्टलवर होकार नोंदवावा, आणि १ मेपर्यंत दुसरीकडे पैसे भरून जागा पक्की करावी. वेटलिस्टवरून नंतर जागा निघाली तर तिच्यासोबत मेरिट क्वचितच येतं, आणि भरलेले पैसे बुडतात. दोन कॉलेजांत एकाच वेळी जागा धरून ठेवणं मात्र करू नये. कळलं तर दोन्हीकडची जाऊ शकते, आणि कुणा दुसऱ्या मुलाची वाट तेवढी लांबते.

कराचं थोडक्यात. ट्यूशन, सक्तीची फी आणि आवश्यक पुस्तकं यांपुरती स्कॉलरशिप करमुक्त असते. राहण्या-जेवणासाठी मिळालेला भाग मुलाचं करपात्र उत्पन्न धरला जातो. ५२९ या शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात पैसे साठवलेल्या घराला मेरिट मिळालं तर तेवढी रक्कम १० टक्के दंडाशिवाय काढता येते, कर फक्त वाढीच्या भागावर पडतो. ते पैसे मुलाच्या पुढच्या शिक्षणासाठी तसेच ठेवले तरी चालतं.

१ मेनंतर मेरिटचं पत्र, नूतनीकरणाच्या अटींचं पान आणि आलेले सगळे ईमेल पीडीएफ करून ठेवा. पोर्टल पुढे बंद होतं, आणि संकेतस्थळावरच्या अटी नव्या तुकडीसाठी बदलतात. हायस्कूलचं शेवटचं ट्रान्सक्रिप्ट जूनमध्ये जातं. शेवटच्या सत्रात गुण फार घसरले तर प्रवेश परत घेतला जाऊ शकतो. जुलैत पहिलं बिल येतं. त्यात स्कॉलरशिप निम्मीच दिसेल, २२,०००ऐवजी ११,०००, कारण उरलेली वसंत सत्राच्या बिलात येते. अजिबात दिसत नसेल तर ‘अपेक्षित मदत’ असा वेगळा रकाना आहे का पाहा. तिथेही नसेल तर ट्रान्सक्रिप्ट पोचल्याची खात्री करून त्याच दिवशी फोन करा, कारण विलंब शुल्काची तारीख बिलावरच छापलेली असते. आरोग्य विम्याचे दोन-तीन हजार डॉलर त्यात आपोआप धरलेले असतात. मूल आई-वडिलांच्या विम्यात असेल तर माफीचा ऑनलाइन फॉर्म भरून ते काढून टाकता येतात. त्या फॉर्मची मुदत बिलाच्या मुदतीहून वेगळी असते, आणि बहुधा ती ऑगस्टमध्ये, वसतिगृहासाठी चादरी घेण्याच्या गडबडीत निघून जाते.